मॉर्मन पंथाची पुण्यभूमि

सन १८५३ मधील पुणें डोळ्यांपुढें आणावें. पेशवाई संपून पस्तीस वर्षें झालीं होतीं. मुठेच्या कांठीं जुनें शहर आणि त्याच्या पूर्वेस इंग्रज फौजेची छावणी, अशीं जणूं दोन निरनिराळीं गांवें एकमेकांच्या शेजारीं नांदत होतीं. शहरांत ‘ज्ञानप्रकाश’ पत्र निघूं लागून चार वर्षें झालीं होतीं. मुलींच्या शिक्षणासाठीं झटणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सरकारनें आदल्याच वर्षीं विश्रामबाग वाड्यांत सत्कार केला होता. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी त्याच वर्षीं एप्रिलांत धांवूं लागली. पण सबंध बोरघाट चढून तिला पुण्यास यावयास आणखी दहा वर्षें लागणार होतीं. अशा त्या पुण्यांत ह्यू फिंडले नांवाचा एक स्कॉच गृहस्थ धर्मोपदेश करीत हिंडत होता. पाद्री लोक पुण्याला नवे नव्हते. स्कॉटिश मिशनचें काम येथें पूर्वींच सुरू झालें होतें. पण हा उपदेशक त्या पाद्र्यांपैकीं नव्हता. उलट ते सारे त्याच्या विरुद्ध होते. त्याचा धर्म अमेरिकेंत जन्मलेला, त्या वेळीं अवघा तेवीस वर्षांचा, आणि लोकांत त्याचें नांव मॉर्मन पंथ.

मॉर्मन हें नांव सुशिक्षित मराठी घरांत ऐकिवांत असतें, तें बहुधा दोन गोष्टींमुळें. एक, त्या पंथांत एके काळीं चालत असलेली बहुपत्नीकत्वाची चाल. आणि दुसरी, पांढरा सदरा व छातीवर काळी नामपट्टिका अशा वेषांत जोडीजोडीनें हिंडणारे तरुण उपदेशक. परंतु या पंथाच्या इतिहासांत त्याहून पुष्कळ महत्त्वाचा असा एक प्रश्न गुंतलेला आहे. ज्या धर्मानें एका विशिष्ट देशालाच ईश्वराची निवडलेली भूमि ठरविलें, तो धर्म दुसऱ्या देशांत रुजावयाचा कसा? आणि ज्यानें तो तेथें स्वीकारला, त्यानें आपला देश कोणता म्हणावा? महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाहीं. सावरकरांच्या १९२३ सालच्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथानें ‘पितृभू’ आणि ‘पुण्यभू’ हे दोन शब्द आपल्या वादविवादांत कायमचे आणून ठेवले. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. पण ते दोन शब्द हातीं धरून मॉर्मनांच्या इतिहासाकडे पाहिलें, तर तो इतिहास अधिक चांगला उलगडतो.

या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. ६ एप्रिल १८३० रोजीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, या शेतकऱ्याच्या मुलानें न्यूयॉर्क संस्थानांत आपली मंडळी स्थापन केली. त्याच्या थोडेंच आधीं त्यानें ‘मॉर्मनचा ग्रंथ’ प्रसिद्ध केला होता. त्याचें म्हणणें असें कीं, एका देवदूतानें दाखविलेल्या सुवर्णपत्र्यांवर कोरलेला प्राचीन वृत्तांत आपण ईश्वरी साहाय्यानें भाषांतरित केला. यरुशलेमेहून कांहीं कुटुंबें पुरातन काळीं समुद्र ओलांडून अमेरिकेंत आलीं, तेथें त्यांचीं राष्ट्रें वाढलीं, आणि पुनरुत्थानानंतर खुद्द ख्रिस्तानें त्यांना दर्शन दिलें, असा त्या वृत्तांताचा सारांश आहे. बाहेरचे पंडित ही कथा इतिहास म्हणून मान्य करीत नाहींत. अनुयायी ती श्रद्धेनें मानतात. आपल्याला येथें महत्त्वाचा आहे तो तिचा परिणाम. तोंवर ख्रिस्ती धर्माचीं सारीं पवित्र स्थळें आशियाच्या पश्चिम टोंकाला होतीं. अमेरिकेंतील ख्रिस्ती मनुष्य धर्माच्या बाबतींत दूरच्या माहेरावर विसंबून असे. या ग्रंथानें त्याच्या पायांखालच्या मातीलाच धर्मकथेंत स्थान दिलें.

पुढच्याच वर्षीं, १८३१ मध्यें, मिसूरी संस्थानांतील इंडिपेंडन्स या गांवीं सियोन, म्हणजे नवें यरुशलेम, वसणार असें स्मिथनें जाहीर केलें. १८३३ मध्यें त्याला झालेल्या एका साक्षात्कारांत असें सांगितलें आहे कीं, अमेरिकेची राज्यघटना ईश्वरानेंच, त्या कार्यासाठीं उभ्या केलेल्या शहाण्या माणसांच्या हातून, निर्माण करविली. देशभक्तीला इतका पक्का धार्मिक पाया क्वचितच कोणीं घातला असेल. इतर देशांत राजाला देवाचा अंश मानलेलें आहे. येथें कायद्याच्या कागदाला ईश्वरी प्रसाद मानलें गेलें.

पण दैवाची गति अशी कीं, ज्या देशाला मॉर्मनांनीं पवित्र मानलें, त्याच देशानें त्यांना हांकलून दिलें. शेजाऱ्यांना त्यांची एकगठ्ठा मतें, सामुदायिक जमीनखरेदी आणि ‘आम्हीच निवडलेले’ ही भाषा सहन झाली नाहीं. १८३८ मध्यें मिसूरीच्या गव्हर्नरानें आज्ञापत्र काढलें कीं, मॉर्मनांचा संहार करावा किंवा त्यांना संस्थानाबाहेर घालवावें. तें आज्ञापत्र कागदोपत्रीं रद्द व्हावयास १९७६ साल उजाडावें लागलें. स्मिथ स्वतः राष्ट्राध्यक्षांकडे दाद मागावयास गेला. पण ही संस्थानाची बाब आहे म्हणून त्याला रिकाम्या हातानें परतावें लागलें. १८४४ मध्यें तो स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभा राहिला, आणि त्याच वर्षीं २७ जून रोजीं इलिनॉय संस्थानांतील कार्थेज गांवच्या तुरुंगांत जमावानें त्याला गोळ्या घालून ठार केलें.

त्याच्या मागून ब्रिगम यंग पुढारी झाला. १८४६ च्या हिंवाळ्यांत त्याचे अनुयायी घरेंदारें सोडून पश्चिमेकडे निघाले, आणि २४ जुलै १८४७ रोजीं यंग खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यांत पोंचला. तो दिवस आजही युटा संस्थानांत सणासारखा साजरा होतो. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तें खोरें त्या वेळीं अमेरिकेचें नव्हतेंच. तें मेक्सिकोच्या हद्दींत होतें. पवित्र भूमीचे भक्त त्या राष्ट्राची सीमा ओलांडून बाहेर पडले होते. आणि तरीही, ते मार्गावर असतांनाच त्यांच्यांतील सुमारे पांचशें पुरुष मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठीं अमेरिकेच्या फौजेंत दाखल झाले! १८४८ च्या तहानें तो सारा मुलूख अमेरिकेकडे आला, आणि मॉर्मन लोक न हालतां पुन्हा अमेरिकेंत आले.

येथें एक प्रश्न सहजच कोणी विचारील. ज्या सरकारनें रक्षण केलें नाहीं, त्याच्याबद्दल यांना भक्ति कशी वाटली? त्याचें उत्तर त्यांनीं केलेल्या एका भेदांत आहे. राज्यघटना ईश्वराची, पण तिचा अंमल करणारे अधिकारी माणसें. तेव्हां अधिकाऱ्यांनीं अन्याय केला तरी घटनेवरची निष्ठा ढळूं द्यावयाची नाहीं. हा भेद मराठी माणसाला नवा वाटूं नये. १९१६ सालच्या स्वराज्यावरील व्याख्यानांत लोकमान्य टिळकांनीं अदृश्य सरकार निराळें आणि दृश्य सरकार निराळें, असेंच विवेचन केलें होतें. छळ सोसणाऱ्या समाजाला देश आणि त्या देशाचे सत्ताधारी यांत अंतर पाडावेंच लागतें. नाहीं तर त्याला देशच उरत नाहीं.

तथापि ही ओढाताण पुढें चाळीस वर्षें चालली. ऑगस्ट १८५२ मध्यें मॉर्मनांनीं बहुपत्नीकत्वाचा उघड पुरस्कार केला. १८५७ मध्यें, इकडे हिंदुस्थानांत बंडाचा वणवा पेटला असतां, तिकडे राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनीं युटावर फौज धाडली. १८६२, १८८२ आणि १८८७ या सालीं एकाहून एक कडक कायदे झाले. शेवटच्या कायद्यानें तर मंडळीचें कायदेशीर अस्तित्वच मोडून तिच्या मालमत्तेवर हात घातला. अखेर १८९० मध्यें मंडळीचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनीं जाहीरनामा काढून नवे बहुपत्नीक विवाह थांबविण्याचा सल्ला दिला. ४ जानेवारी १८९६ रोजीं युटाला पूर्ण संस्थानाचा दर्जा मिळाला. त्यानंतरही रीड स्मूट हा मॉर्मन धर्माधिकारी सिनेटवर निवडून आला, तेव्हां त्याला बसूं द्यावें कीं नाहीं याची चौकशी १९०४ पासून १९०७ पर्यंत चालली. तो टिकला. पुढें मॉर्मन म्हणजे पक्का अमेरिकन असें समीकरण झालें. एझ्रा टॅफ्ट बेन्सन हे १९५३ ते १९६१ राष्ट्राच्या मंत्रिमंडळांत शेतकी खात्याचे मंत्री होते, आणि तेच १९८५ मध्यें मंडळीचे अध्यक्ष झाले. २०१२ मध्यें मिट रॉम्नी हा मॉर्मन गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदाचा एका प्रमुख पक्षाचा उमेदवार होता. घराबाहेर काढलेला मुलगाच पुढें घराण्याचा सर्वांत कडवा अभिमानी निघावा, तसें हें झालें.

आतां पुन्हा पुण्याकडे वळूं. हा धर्म हिंदुस्थानांत प्रथम आला तो १८४९ मध्यें, कलकत्त्यास उतरलेल्या दोन खलाशांच्या तोंडून. १८५१ मध्यें तेथें उपदेशक आले; आणि एप्रिल १८५३ मध्यें खाऱ्या सरोवराच्या नगरींतून निघालेला एक मोठा जथा कलकत्त्यास पोंचला. फिंडले मात्र विलायतेहून आला होता. सप्टेंबर १८५२ मध्यें तो मुंबईस उतरला. तेथें पाद्री आणि वर्तमानपत्रें यांनीं त्याच्या आधींच त्याच्या पंथाविरुद्ध वातावरण तापविलें होतें. तेव्हां त्यानें पुण्याची वाट धरली. पुण्याच्या छावणींत राहण्यास लष्करी अधिकाऱ्यांनीं त्याला मनाई केली. तरी त्यानें चिकाटी सोडली नाहीं. तो मराठी शिकला. १८५३ मध्यें त्यानें पुण्यांत मॉर्मनांची एक शाखा उभी केली. तींत गोरे आणि एतद्देशीय मिळून बाराएक सभासद होते. हिंदुस्थानांतील मराठ्यांना उद्देशून लिहिलेली त्याची एक पुस्तिकाही १८५५ मध्यें मुंबईस छापली गेली. त्याचा भाऊ ॲलन हाही त्याच्या मदतीस आला होता. पण १८५५ मध्येंच दोघे भाऊ हिंदुस्थान सोडून गेले, आणि पुढच्या वर्षीं या देशांतील सारेंच काम थांबलें.

हें काम कां फसलें? बहुपत्नीकत्वाची वार्ता त्यांच्या आधीं येऊन पोंचली होती, हें एक कारण. अधिकारी व पाद्री यांचा विरोध, हें दुसरें. माणसें थोडीं, पैसा नाहीं, भाषा परकी, हें तिसरें. परंतु या सर्वांच्या तळाशीं एक निराळेंच कारण होतें, आणि तें त्यांच्या पुण्यभूमीच्या कल्पनेंतच दडलेलें होतें. त्या काळीं मॉर्मन होणें म्हणजे केवळ बाप्तिस्मा घेणें नव्हे. जगाचा अंत जवळ आला आहे, तेव्हां प्रत्येक श्रद्धावंतानें आपला देश सोडून सियोनांत, म्हणजे अमेरिकेंत, गोळा व्हावें, अशी त्या पंथाची आज्ञाच होती. गरिबांच्या प्रवासासाठीं १८४९ मध्यें एक कायमचा फंडही काढण्यांत आला होता. इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियांतून ऐंशी हजारांहून अधिक माणसें त्या शतकांत या हांकेसरशी समुद्र ओलांडून गेलीं. लँकेशायरच्या गिरणींत राबणाऱ्या मजुराला ती हांक गोड वाटली, यांत नवल नाहीं. त्याला तेथें जमीन मिळणार होती, त्याचीच भाषा बोलणारे शेजारी मिळणार होते.

पुण्यांतील मनुष्याला त्याच हांकेचा अर्थ काय होता? सुवेझचा कालवा १८६९ पर्यंत खुला झालेला नव्हता. मुंबईहून युटाला जावयाचें म्हणजे चीनकडून पॅसिफिक महासागर ओलांडून कॅलिफोर्नियांत उतरावयाचें, आणि तेथून वाळवंटांतून खुष्कीनें प्रवास करावयाचा. छावणींतील गोऱ्या शिपायाला नोकरीच्या करारामुळें सहजासहजीं फौज सोडतां येत नसे. एतद्देशीय मनुष्य बाप्तिस्म्यानें जातीला मुकला म्हणजे घराला मुकला. आणि ज्या दूरच्या घराचें त्याला वचन मिळालें, तेथें जावयास त्याच्यापाशीं भाडें नव्हतें. ज्यांना जातां आलें ते गेले, आणि ज्यांना जातां आलें नाहीं ते मेंढपाळावांचून मागें राहिले. रोप लावावें, त्यानें मूळ धरलें न धरलें तोंच तें उपटून दुसऱ्याच्या अंगणांत नेण्याची तयारी करावी, अशा रीतीनें कोणतीही बाग वाढत नाहीं.

याच काळांत महाराष्ट्रांत दुसरें एक रोप लागत होतें. सप्टेंबर १८५४ मध्यें बाबा पदमनजी यांनीं बेळगांवीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते कोठेंही निघून गेले नाहींत. त्यांनीं येथेंच राहून मराठींत लिहिलें, आणि १८५७ मध्यें त्यांचें ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झालें. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होतें. तेंही अमेरिकेचेंच, पण त्याच्या शिकवणुकींत अमेरिका ही पुण्यभूमि नव्हती. पुढें पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या, तेथील लोकांच्या मदतीनें त्यांनीं १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन काढून दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आणलें, आणि अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत एक सुंदर ग्रंथ लिहिला. अमेरिकेचें कौतुक त्यांना पुष्कळ होतें. पण त्या कौतुकाचें फळ त्यांनीं येथील विधवांच्या पदरांत घातलें.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार केला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं. १८९५ मध्यें ते अमेरिकन मिशनच्या द्वारें ख्रिस्ती झाले, आणि त्यापायीं त्यांना स्वजनांचा दीर्घ वियोग सोसावा लागला. पण ख्रिस्ती होणें म्हणजे परदेशी होणें, हें त्यांनीं कधींच मान्य केलें नाहीं. अभंग, ओंवी आणि कीर्तन यांतूनच त्यांनीं ख्रिस्ताची भक्ति गाइली. देशभक्तीच्या कविताही त्याच लेखणींतून उतरल्या. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथें जागा होती. १९१९ च्या मे महिन्यांत ते निवर्तले, त्यामुळें तो दरबार फार वाढला नाहीं. तथापि त्यांनीं दाखविलेली दिशा स्पष्ट होती. धर्म बाहेरून आला असेल. पण त्यानें या मातींतच राहिलें पाहिजे, येथल्याच भाषेंत बोललें पाहिजे, आणि अनुयायाकडून त्याचा देश काढून घेतां कामा नये.

मॉर्मन मंडळीही निराळ्या वाटेनें याच ठिकाणीं येऊन पोंचली. विसाव्या शतकाच्या आरंभीं युटांत जमीन आणि रोजगार अपुरा पडूं लागला, आणि बाहेर शाखा टिकेनात. तेव्हां पुढारी सांगूं लागले कीं, आतां अमेरिकेस येऊं नका. आहां तेथेंच राहून मंडळी बळकट करा. परंतु नुसत्या सांगण्यानें भागणारें नव्हतें. मॉर्मनांचे सर्वांत पवित्र विधि, विशेषतः पति, पत्नी आणि मुलें यांना अनंतकाळासाठीं एकत्र बांधणारा विधि, केवळ मंदिरांतच होतात. आठवड्याच्या उपासनेचें प्रार्थनागृह निराळें आणि मंदिर निराळें. मंदिरें अमेरिकेंतच असतील, तर श्रद्धावंतांची दृष्टि तिकडेच लागणार. म्हणून १९१९ मध्यें हवाई बेटांत, १९२३ मध्यें कॅनडांत आणि १९५५ मध्यें स्वित्झर्लंडांत बर्नजवळ मंदिरें उभीं राहिलीं; १९५८ मध्यें न्यूझीलंड आणि इंग्लंड, १९८० मध्यें टोकियो, असा क्रम पुढें चालला. आपल्या पूर्वजांनीं हीच अडचण फार पूर्वीं ओळखली होती. काशी दूर, गंगा दूर. सर्वांनाच तेथें जाणें घडत नाहीं. म्हणून त्यांनीं गोदावरीला दक्षिणगंगा म्हटलें आणि पैठणला दक्षिणकाशी. तीर्थ आपल्या दाराशीं आलें, तेव्हां भक्ताला दार सोडून जाण्याचें कारण उरलें नाहीं.

याचा परिणाम आंकड्यांत दिसतो. स्थापनेपासून दहा लक्ष सभासदांचा टप्पा गांठावयास मंडळीला ११७ वर्षें लागलीं. तो १९४७ मध्यें आला. त्यानंतरच्या अर्ध्या शतकांत ही संख्या अनेक पटींनीं वाढली. १९७८ मध्यें दुसरा एक मोठा अडसर निघाला. तोंवर आफ्रिकन वंशाच्या पुरुषांना या मंडळींत याजकपद मिळत नसे. त्या वर्षीं तें सर्व पात्र पुरुषांना खुलें झालें, आणि आफ्रिका व ब्राझिल यांचे दरवाजे उघडले. १९९६ च्या आरंभीं असें आढळून आलें कीं, मंडळीचे निम्म्याहून अधिक सभासद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांबाहेर राहतात. २०२४ च्या अखेरीस एकूण नोंदलेले सभासद १ कोटि ७५ लक्षांच्या घरांत होते. नोंदलेला प्रत्येक जण नित्य उपासनेस येतोच असें नाहीं, हें खरें. तरी अमेरिकेंतून पळावें लागलेल्या एका जमावाची ही वाढ नजरेंत भरण्यासारखी आहे.

भारतांतही हें रोप पुन्हा लागलें, पण या वेळीं पुण्यास नव्हे, तर दक्षिणेस. १९६० नंतरच्या दशकांत कोइमतूरकडील एका तामीळ गृहस्थाच्या खटपटीनें त्याचा आरंभ झाला. १९९३ मध्यें बंगलोर येथें स्वतंत्र मिशन स्थापन झालें, २००७ मध्यें दिल्लीस दुसरें झालें, आणि २०१२ मध्यें हैदराबादेस अनेक शाखा मिळून स्थानिक पुढाऱ्यांच्या देखरेखीखालील पहिला पूर्ण विभाग बनला. २०१८ मध्यें बंगलोरास मंदिर बांधण्याची घोषणा झाली, आणि २०२० च्या डिसेंबरांत त्याच्या कामाची पहिली कुदळ पडली. फिंडलेच्या अनुयायांना जें सियोन दोन महासागरांपलीकडे शोधावें लागलें असतें, त्याचें द्वार असें या देशांत आलें.

यामुळें सारा प्रश्न सुटला, असें मात्र म्हणतां येत नाहीं. मंडळीचें मुख्य ठाणें खाऱ्या सरोवराच्या नगरींतच आहे, आणि तिच्या अध्यक्षपदावर आजवर बहुतेक अमेरिकन माणसेंच आलीं. अमेरिकन राज्यघटनेविषयींचा तो जुना साक्षात्कार धर्मग्रंथांत तसाच आहे. सभेंतील पोषाख, कारभाराची शिस्त, बोलण्याची ढब यांवर अमेरिकेची छाप दिसते. मग केनियांतील किंवा आंध्रांतील श्रद्धावंतानें कोणाच्या घटनेला पवित्र मानावें? या अडचणींतून वाट काढण्यासाठीं मंडळी आपल्या श्रद्धातत्त्वांतील बाराव्या कलमाचा आधार घेते. राजे, राष्ट्राध्यक्ष, अधिकारी यांच्या आज्ञेंत राहावें आणि देशाचा कायदा पाळावा, असा त्याचा आशय आहे. या तत्त्वामुळें प्रत्येक सभासदाला आपापल्या देशाशीं एकनिष्ठ राहतां येतें, आणि सरकारांनाही या पंथाची भीति वाटत नाहीं.

परंतु या तत्त्वालाही मर्यादा आहे, आणि ती एका सतरा वर्षांच्या मुलानें दाखवून दिली. हेल्मुट ह्यूबनर हा हॅम्बुर्गचा मॉर्मन मुलगा. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनींत परदेशी रेडिओ ऐकणें हा गुन्हा होता. ह्यूबनर चोरून लंडनची इंग्रजी नभोवाणी संस्था जर्मन भाषेंत देत असलेल्या बातम्या ऐके, त्या टंकलेखन यंत्रावर उतरवून काढी, आणि आपल्या मंडळींतील दोन मित्रांसह तीं पत्रकें शहरांत गुप्तपणें वांटी. तो पकडला गेला, आणि २७ ऑक्टोबर १९४२ रोजीं बर्लिनच्या तुरुंगांत त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या अटकेनंतर स्थानिक धर्मप्रमुखानें त्याला मंडळींतून बहिष्कृत केलें होतें. युद्धानंतर तो बहिष्कार रद्द करण्यांत आला. त्या प्रमुखाचें मन नाझी राजवटीकडे झुकलेलें होतें. कायदा पाळा, हें कलम ग्रंथांत होतेंच; पण त्या मुलानें खरें जर्मनीपण कोणतें आणि खरा धर्म कोणता, हें त्या कलमाहून खोल जाऊन पाहिलें. त्याच्या देशानें त्याला देशद्रोही ठरविलें. आज त्याच देशांत त्याचें स्मरण आदरानें केलें जातें.

मॉर्मनांच्याच ग्रंथांत सियोनाची दुसरी एक व्याख्या सांपडते, आणि तीही १८३३ सालचीच आहे. शुद्ध अंतःकरणाचे लोक, तेंच सियोन, असा तिचा भाव आहे. मिसूरीची जमीन हातची गेली, तेव्हां त्या विस्थापितांना या व्याख्येनें धीर दिला असेल. पुढें शंभर वर्षांनीं तीच व्याख्या त्यांच्या जगभरच्या प्रसाराचा पाया ठरली. कारण जमीन एकाच ठिकाणीं असते, अंतःकरण सर्वत्र असतें. जोंपर्यंत सियोन एका नकाशावर दाखवितां येत होतें, तोंपर्यंत पुण्याच्या मनुष्याला तें परदेशच होतें. जेव्हां तें त्याच्या गांवांत, त्याच्या घरांत वसूं शकतें असें सांगण्यांत आलें, तेव्हां कोठें तो धर्म अमेरिकेबाहेर आपल्या पायांवर उभा राहिला.

पुण्याच्या त्या बाराएक माणसांचें पुढें काय झालें, याची आठवण या शहरानें ठेवलेली नाहीं. त्यांनीं आपलें मन एका नव्या श्रद्धेला दिलें, आणि त्या श्रद्धेनें त्यांच्यापुढें दूरच्या देशाची वाट ठेवली. मनुष्याला देव दाखवितांना त्याच्या पायांखालची माती काढून घेऊं नये, एवढा बोध त्यांच्या त्या लहानशा शाखेवरून निश्चित घेतां येतो. आणि तो केवळ मॉर्मनांपुरता नाहीं.